वळचणीचा हिशेब

नऊ वर्षं, चौसष्ट तारखा.
दारव्ह्याच्या कोर्टात, बार रूमच्या पायरीवर
शालिक ढोबळ्याची फाइल मांडीवर घेऊन
मी लाल वहीत बेरीज केली.
कोणी सांगितलं नव्हतं.
साहेब रजेवर, एसटीला तासभर अवकाश.

भांडण सात कवेलूंचं.
गुणवंत कुकड्याच्या चक्कीचं छप्पर वीतभर पुढे,
वळचणीचं पाणी ढोबळ्याच्या अंगणात.
एवढंच. बाकी दोनशे अकरा पानं.

एसटी, जाणं-येणं, सत्तर गुणिले चौसष्ट: चार हजार चारशे ऐंशी.
चहा-आलूबोंडा एकोणीसशे वीस.
तिकिटं, नकला, बेलिफाचा भत्ता तेवीसशे चाळीस.
झेरॉक्स आठशे नव्वद,
कारण एकच नकाशा चारदा हरवला,
त्यातला एक माझ्या हातून.
कमिशनर टेप घेऊन आला त्याचे चार हजार,
मॅडमची फी आजवर साडेअकरा हजार.
शिलाई मशीन बंद राहिली ते दिवस, तीनशेनं:
एकोणीस हजार दोनशे.

खाली दोन रेघा.
चव्वेचाळीस हजार तीनशे तीस.
बाजूला पेन्सिलीनं, बारीक:
पत्र्याची पन्हाळ, अठरा फूट, बसवून सव्वीसशे.

ढोबळ्यानं गळ्यातला टेप काढला, चष्मा लावला.
"मशीन बंदचे काहून धरले?
मंगळवारी तसंही गिऱ्हाईक नसते."
मग बोट एकाच ओळीवर ठेवून बसला.
"मायच्या तेरवीले पंगत बसली होती.
पत्रावळीत पाणी पडलं त्याच्या छपराचं.
म्हटलं, भाऊ, कवेलू मांगं घे.
म्हणे, कोर्टातून आण.
हे कोणत्या रकान्यात लिव्हलं, मुन्शीजी?"

माझ्या वहीत तो रकाना नव्हता.

इंगोले मॅडमनी वही पाहिली.
मला वाटलं, आता माझी नोकरी गेली.
त्या म्हणाल्या, "आणि तुझा मुन्शियाना?"
तारखेला वीस. बाराशे ऐंशी.
तिथेच माझा हात आखडला होता.
"लिही. आणि माझंही लिही:
टेबलाचं भाडं, टायपिस्ट, गाडीचं पेट्रोल,
त्याच्याकडे राहिलेले साडेसहा.
अन् हा कोट."
कॉलर उलटून दाखवली. आतून ढोबळ्याचीच शिलाई,
बारीक, एका मापाची.
"याचे पैसे फीत कधी वळते केले आपण?"

नव्हते केले.

कुकड्याच्या वकिलाचा मुन्शी भाऊराव
चहाच्या टपरीवर भेटला. त्याचीही वही निघाली.
एकावन्न हजार आणि वर.
आम्ही दोघं हसलो, मग हसू थांबलं,
आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे
यावर उगाच थोडं भांडलो.

लोकअदालतीच्या शनिवारी ते दोघे एकाच बाकावर बसले,
मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून.
पन्हाळ निम्मी-निम्मी. कोर्ट फी परत मिळाली.
कुकडे सही करून उठताना
खाली पाहून एवढंच बोलला,
"तुह्या मायच्या हातची आंबील मी पेलो आहे."
ते निवाड्यात आलं नाही. रकानाच नव्हता.

आता मॅडमच्या टेबलावर एक कागद असतो.
दावा लावायच्या आधी पक्षकाराला वाचून दाखवायचा:
या टप्प्याला इतके, त्या टप्प्याला इतके,
तारखेमागे काही नाही,
आणि शेवटी, न भांडता किती लागतील ते.
वाचायचं काम माझं.
परवा पुसदचा एक जण पूर्ण ऐकून
फाइल काखेत मारून उठला, घरी गेला.
माझे वीस गेले. पुढच्या कितीतरी तारखांचे वीस.
बायकोला सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्या गावात गेलो होतो.
पन्हाळ बसली आहे. मधल्या जोडावर गळते,
थेंब नेमका हद्दीच्या दगडावर.
दोघांनाही दिसत असणार.
माझ्याकडे अजून कोणी विचारायला आलेलं नाही.